वार्धक्यकालीन अर्थव्यवहार (जालना जिल्हा)

वार्धक्यकालीन अर्थव्यवहार (जालना जिल्हा) : नोकरीतून निवृत्त झाल्यावर किंवा शरीर श्रमाला अपुरे पडू लागल्यावर उर्वरित आयुष्याच्या निर्वाहासाठी मिळकत, स्थावर मालमत्ता, ठेवी, वारसा व औषधोपचार यांसंबंधी माणसाला करावी लागणारी व्यवस्था. निवृत्ती म्हटले म्हणजे पगारदार सेवकाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु मराठवाड्यातील जालना जिल्ह्यासारख्या प्रदेशात वृद्धांपैकी बहुसंख्यांना निवृत्तीची अशी ठरलेली तारीख नसते. शेतकरी हळूहळू थकतो आणि त्याच्या हातातील कारभार हळूहळू मुलांच्या हाती जातो. म्हणून येथे शिल्लक किती साठली यापेक्षा जमीन कोणाच्या नावावर राहिली आणि ती केव्हा सोडली, या प्रश्नाला अधिक महत्त्व येते.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील काही तालुके व परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका यांचा मिळून अस्तित्वात आला. सध्या त्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा हे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती व तीपैकी सु. चार पंचमांश लोक खेड्यांत राहत होते. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील साठ वर्षे व त्यांवरील वयाच्या लोकांचे प्रमाण ९.९ टक्के आढळले. भारताचे हे प्रमाण ८.६ टक्के होते. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी व मोसंबी ही येथील मुख्य पिके असून जालना शहरात लोखंडी सळयांचे कारखाने व बियाण्यांचा उद्योग वाढला आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे स्थापन केलेली महिको ही बियाणे कंपनी या उद्योगाचे मूळ होय. अशा रीतीने शासकीय सेवक, कारखान्यातील कामगार आणि शेतकरी व शेतमजूर असे तीन वर्ग जिल्ह्यात शेजारी-शेजारी राहतात आणि म्हातारपणाची तरतूद मात्र प्रत्येकाची निराळी असते. पुष्कळदा हे तिन्ही वर्ग एकाच घरातील तीन भावांच्या रूपाने आढळतात.

पूर्वपीठिका : १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानी नोकरांना वजीफा, तर देशमुख-देशपांडे घराण्यांना रुसूम मिळे. इनामदार व जागीरदार यांची म्हातारपणाची चिंता जमिनीच्या उत्पन्नावर भागे. कुळे व बलुतेदार यांचा आधार मुलगे हाच असे. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये जागिरी व पुढे १९५४ च्या कायद्याने इनामे आणि रोख अनुदाने रद्द झाली. १९५० च्या कूळकायद्याने अनेक कुळांना जमिनीचे मालक केले. या पिढीने जमीन प्रथमच स्वतःच्या नावावर पाहिली. ती विकू नये, तुकडा तरी राखावा, ही तिची वृत्ती त्यातून बळावली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांना, सरहद्दीवरील शिबिरांत काम केलेल्या कार्यकर्त्यांसह, १९७२ नंतर स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन मिळू लागले. मराठवाड्याच्या खेड्यांतील कित्येक घरांना दरमहा सरकारी रक्कम येण्याचा पहिला अनुभव या निवृत्तिवेतनाने दिला.

शासकीय सेवक : राज्य शासनाच्या सेवकांचे निवृत्तिवेतन ‘महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२’ अन्वये ठरते. निवृत्तीचे वय सामान्यतः ५८ वर्षे असून चतुर्थ श्रेणी सेवकांसाठी ते ६० आहे. सेवकाच्या हाती निवृत्तीच्या वेळी मासिक निवृत्तिवेतनाखेरीज उपदान, भविष्य निर्वाह निधी, शिल्लक अर्जित रजेचे रोख मूल्य आणि गट विम्याची रक्कम एकदमच येते. आयुष्यात इतका पैसा एकाच वेळी हाताळण्याचा प्रसंग बहुतेकांना याआधी आलेला नसतो. रकमा कधी येणार हे नातेवाइकांनाही ठाऊक असते, ही यातील अवघड बाजू.

जिल्ह्यातील राज्य शासकीय सेवकांची निवृत्तिवेतन प्रकरणे महालेखापालांच्या नागपूर कार्यालयाकडे जातात. विदर्भ व मराठवाडा हे दोन्ही विभाग त्याच्या कक्षेत आहेत. प्रदान जिल्हा कोषागारामार्फत होते. प्राथमिक शिक्षकांसह जिल्हा परिषदेच्या सेवकांची प्रकरणे जिल्हा परिषदेच्याच पातळीवर मंजूर होतात. विलंबाचे कारण बहुधा सेवापुस्तकात दडलेले असते. जन्मतारखेतील खाडाखोड, न घेतलेली सेवा-पडताळणी, बदलीच्या काळातील न भरलेली नोंद, नामनिर्देशनात राहून गेलेले पत्नीचे नाव या त्रुटी तीस वर्षे कोणाच्या ध्यानात येत नाहीत आणि शेवटच्या सहा महिन्यांत सर्व एकदम वर येतात. वेतन पडताळणी पथकाने पूर्वीची वेतननिश्चिती चुकीची ठरविल्यास जादा दिलेल्या रकमेची वसुली उपदानातून करण्याचा प्रयत्न होई. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी तृतीय व चतुर्थ श्रेणीतील सेवकांकडून, तसेच निवृत्त झालेल्या अथवा वर्षभरात निवृत्त होणार असलेल्या सेवकांकडून अशी वसुली करता येणार नाही, असे ठरविले. सेवापुस्तक निवृत्तीच्या दोन-तीन वर्षे आधी स्वतः वाचून घेणे हा यावरचा साधा उपाय असून तो सर्वांत कमी योजिला जातो.

अंशराशीकरण, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग सोडून त्याबद्दल एकरकमी पैसा घेणे, हा निवृत्तीच्या वेळचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग असा विकता येतो व तो पंधरा वर्षांनी पुनःस्थापित होतो. समजा, ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या सेवकाचे मूळ निवृत्तिवेतन ३०,००० रु. आहे. त्याने १२,००० रुपयांचा भाग विकल्यास पुढील वाढदिवशीच्या ५९ या वयाचा गुणक ८.३७१ धरून त्याला १२,००० × १२ × ८.३७१ म्हणजे १२,०५,४२४ रु. मिळतात. पंधरा वर्षांत त्याच्या निवृत्तिवेतनातून २१,६०,००० रु. कमी होतात. महागाई वाढ मात्र पूर्ण निवृत्तिवेतनावर मिळत राहते. हा व्यवहार कर्ज समजून मोजला, तर व्याजाचा दर सु. पावणेनऊ टक्के पडतो. फरक इतकाच, की सेवक मध्येच मरण पावला तर उरलेली कपात कोणाकडून वसूल होत नाही आणि कुटुंबनिवृत्तिवेतन तिने घटत नाही. तेव्हा सावकाराचे दरमहा दोन-तीन टक्क्यांचे देणे फेडण्यासाठी हा पैसा घेणे शहाणपणाचे. तो घेऊन सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत गुंतविणे बहुधा तोट्याचे. प्रत्यक्षात पुष्कळ सेवक दोहोंपैकी काहीच मोजत नाहीत. ‘सगळे घेतात म्हणून’ तेही ही रक्कम घेतात व ती घराच्या स्लॅबमध्ये किंवा लग्नात जाते.

१ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना हे नियम लागू राहिले नाहीत. त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना आली व पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत विलीन करण्यात आली. तीत निवृत्तीच्या वेळी सरकारी सेवकाच्या जमा रकमेपैकी किमान ४० टक्के रकमेची वार्षिकी घ्यावी लागते व वार्षिकीवर महागाई भत्ता नसतो. जुन्या योजनेच्या मागणीसाठी १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यभर झालेल्या संपात शिक्षक व कर्मचारी मोठ्या संख्येने उतरले होते. २०२४ मध्ये राज्य शासनाने सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना व केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना असे दोन पर्याय मान्य केले. पुरेशी सेवा झालेल्यास वेतनाच्या निम्म्याइतक्या निवृत्तिवेतनाची हमी हे त्यांचे सूत्र आहे. एकाच शाळेत शेजारच्या वर्गांवर शिकविणाऱ्या दोन शिक्षकांच्या म्हातारपणात त्यामुळे मोठे अंतर पडले आहे.

कारखान्यांतील कामगार : जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांना, आस्थापनेत वीस किंवा अधिक माणसे असल्यास, भविष्य निर्वाह निधी व त्याला जोडलेली १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू होते. मालकाच्या अंशदानातील वेतनाच्या ८.३३ टक्के इतका भाग या योजनेत जातो. त्यासाठी धरावयाच्या वेतनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रु. करण्यात आली. निवृत्तिवेतन काढण्याचे सूत्र सोपे आहे : निवृत्तिवेतनपात्र वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणावे व ७० ने भागावे. ९,००० रु. वेतनावर चौदा वर्षे सेवा झालेल्यास दरमहा १,८०० रु. मिळतात. २०१४ मध्येच किमान निवृत्तिवेतन १,००० रु. ठरविण्यात आले. यावर घर चालत नाही हे उघड आहे. तथापि त्याहून मोठी हानी सेवेची वर्षे मोडल्याने होते. दहा वर्षे पुरी झाली नाहीत तर निवृत्तिवेतनच नाही. भट्टीवरचा वा रोलिंग मिलमधला कामगार ठेकेदार बदलतो, प्रत्येक वेळी निधीतील पैसा काढून घेतो आणि मागील सेवा पुसली जाते. पैसा न काढता योजना-प्रमाणपत्र घेतले किंवा खाते नव्या आस्थापनेकडे वर्ग केले, तर वर्षे जोडली जातात. परप्रांतातून आलेल्या कामगारांपैकी अनेकांचे नाव व जन्मतारीख आधार-पत्रात एक आणि निधीच्या खात्यात दुसरीच असते. ती जुळविण्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथील कार्यालयाकडे खेटे घालावे लागतात. उपदानाचा हिशेब १९७२ च्या अधिनियमाने घालून दिला : प्रत्येक पूर्ण वर्षाबद्दल पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे २६ दिवस धरून. हा विषय २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे.

शेतकरी व जमीन : शेतकऱ्याची बचत मातीत असते. विहीर, पाइपलाइन, बैलजोडी, मोसंबीची बाग या गोष्टी त्याच्या उमेदीच्या काळातील गुंतवणुकी होत. मोसंबीचे झाड चौथ्या-पाचव्या वर्षी धरू लागते आणि पुढे पंधरा-वीस वर्षे उत्पन्न देते. म्हणून चाळिशीत लावलेली बाग साठीपर्यंत पुरेल, असा हिशेब जिल्ह्यात अनेकांनी केला. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक निर्देशनाचा दर्जाही मिळाला आहे. परंतु २०१२-१३ च्या अवर्षणात जिल्ह्यातील बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. टँकरने विकतचे पाणी घालून कित्येकांनी त्या जगविण्याचा प्रयत्न केला. शेवटी झाडे सरपणासाठी तोडावी लागली. ज्यांच्या हाती अजून वीस वर्षे होती त्यांनी पुन्हा कलमे लावली. साठीच्या शेतकऱ्याला ते शक्य नव्हते, कारण नवी बाग फळावर येईपर्यंतचा काळ त्याच्यापाशी उरला नव्हता. म्हातारपणाची सर्व तरतूद एकाच बागेवर व एकाच विहिरीवर ठेवण्यातील धोका या अवर्षणाने जितका स्पष्ट केला, तितका दुसऱ्या कशानेही केला नाही.

जमिनीची वाटणी केव्हा करावी हा घराघरातील खरा प्रश्न. मुलांची लग्ने झाली, चुली वेगळ्या झाल्या की वाटणीची बोलणी सुरू होतात. मिताक्षर हिंदू कायद्यानुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलांना जन्मतःच हक्क असतो, त्यामुळे बापाची इच्छा नसली तरी ते वाटणी मागू शकतात. स्वकष्टार्जित मिळकतीबाबत मात्र बापाचा शब्द अखेरचा असतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये मुलींनाही सहदायिक हक्क दिला आणि विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी तो हक्क जन्मतःच प्राप्त होत असल्याचे स्पष्ट केले. बाप व मुलगे यांच्यात वाटणी झाली तर पत्नीलाही मुलाइतका हिस्सा मिळावयास हवा. तिला वाटणी मागता येत नाही, परंतु वाटणी झाल्यावर तिचा हिस्सा नाकारता येत नाही. खेड्यात पंचांसमक्ष होणाऱ्या वाटण्यांत हा नियम बहुधा कोणाच्या बोलण्यातच येत नाही. मुस्लिम कुटुंबांत जन्मसिद्ध हक्काची कल्पना नाही. तेथे हयातीत द्यावयाचे ते हिब्याने, प्रत्यक्ष ताबा देऊन दिले जाते आणि मृत्युपत्राने इतर वारसांच्या संमतीविना एक तृतीयांशाहून अधिक देता येत नाही.

वाटणीचे दोन प्रकार रूढ आहेत. एकात आईबाप आपल्या पोटापुरती एक-दोन एकर जमीन व शक्य तर विहिरीतील पाण्याची पाळी स्वतःच्या नावे ठेवतात. ती ज्या मुलाकडे राहतात तो कसतो आणि त्यांच्या पश्चात तिची वाटणी होते. दुसऱ्यात सर्व जमीन मुलांमध्ये वाटली जाऊन आईबापांनी महिन्या-महिन्याच्या पाळीने प्रत्येकाकडे जेवावे, असे ठरते. कधी बाप एकाकडे व आई दुसऱ्याकडे अशीही विभागणी होते. दुसरा प्रकार वरवर न्याय्य दिसतो, कारण त्यात कोणत्याही मुलाच्या वाट्याला कमी येत नाही. परंतु त्यात वृद्धांचा सातबाराशी संबंध तुटतो आणि त्याचे परिणाम केवळ मानपानाचे नसतात. नावावर जमीन नसली की पीककर्ज मिळत नाही. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वार्षिक ६,००० रु. व २०२३ पासून राज्याने त्यात घातलेले तितकेच रुपये यांवरील हक्क जातो. मुलालाही तो लाभ मिळेलच असे नाही. या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी धारक असणे आवश्यक असून त्यानंतर केवळ मृत्यूमुळे वारशाने आलेली जमीन ग्राह्य धरली जाते. म्हणजे घाईने केलेल्या फेरफाराने बाप व मुलगा दोघेही लाभाबाहेर जाऊ शकतात.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे काहीच न करणे. मरण पावलेल्या आजोबांच्या नावे सातबारा तसाच राहतो किंवा ‘एकत्र कुटुंब पुढारी’ म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव चालू राहते. महसूल संहितेनुसार वारसाने तीन महिन्यांच्या आत खबर द्यावयाची असते. ती तीस-तीस वर्षे दिली जात नाही. मग भूसंपादनाची सूचना येते तेव्हा वारसांची संख्या चाळीसवर गेलेली असते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जालना व बदनापूर तालुक्यांतून गेला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. या मार्गासाठी थेट खरेदीने जमिनी घेताना ज्यांची वारसनोंद व वाटणी सरळ होती त्यांचे पैसे लौकर खात्यात आले. जेथे भाऊबंदकी होती तेथे प्रकरणे अडली. ज्या वृद्धांच्या हाती मोठ्या रकमा आल्या त्यांना पुन्हा निवृत्त शिक्षकासारखाच प्रश्न पडला, केवळ त्यांच्या पाठीशी दरमहाचे निवृत्तिवेतन नव्हते. २०२५ मध्ये राज्य शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेऊन मृत खातेदारांच्या जागी वारसांच्या नोंदी घेण्यास आरंभ केला. जुन्या हक्काचा पुरावा लागल्यास मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक व त्याआधीची उर्दू दप्तरे पाहावी लागतात. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामाच्या वेळी ही उर्दू आणि मोडी दप्तरे पुन्हा उघडली गेली व ती वाचू शकणारी माणसे किती थोडी उरली आहेत, हेही त्या वेळी दिसून आले.

वृद्ध स्त्रिया : स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक जगतात व नवऱ्याहून वयाने लहान असतात, त्यामुळे वार्धक्याचा प्रश्न प्रत्यक्षात पुष्कळ अंशी विधवांचा प्रश्न असतो. सेवकाच्या विधवेस कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. शेतकऱ्याच्या विधवेचे तसे नाही. १९५६ च्या हिंदू वारसा अधिनियमान्वये ती पहिल्या वर्गातील वारस आहे. एखाद्याने आठ एकर स्वकष्टार्जित जमीन, पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी मागे ठेवली आणि मृत्युपत्र केलेले नसले, तर प्रत्येकास दोन एकर येतात व विधवा आपल्या दोन एकरांची पूर्ण मालक असते. व्यवहारात मात्र दिवसकार्य उरकल्यावर थोड्याच काळात मुलीकडून व पुष्कळदा आईकडूनही हक्कसोडपत्र घेतले जाते. मुलीने माहेर टिकावे म्हणून सही करणे समजण्यासारखे आहे. आईने सही करण्याचे काही कारण नसते. शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास चालविलेल्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात नवऱ्याने हयातीतच पत्नीच्या नावे जमीन करून द्यावी, असा आग्रह होता. १९९२ मध्ये शासनाने पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबारावर लावण्याची तरतूद केली. ही सोय आजही आहे. तिला फारसा खर्च येत नाही, तरी तिचा उपयोग करून घेणारी घरे थोडी आहेत.

शासकीय अर्थसाहाय्य : ज्यांच्याजवळ जमीन वा नोकरी नाही अशा वृद्धांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना व इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आहेत. अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. श्रावणबाळ योजना ६५ वर्षे व त्यांवरील वयाच्या निराधारांसाठी असून तिची मासिक रक्कम २०१९ मध्ये १,००० रु. व २०२३ मध्ये १,५०० रु. झाली. उत्पन्नाची मर्यादा वार्षिक २१,००० रु. आहे, महिन्याला १,७५० रुपयांहून अधिक मिळविणारे कुटुंब तीनुसार निराधार ठरत नाही. ही मर्यादा पाळणारा उत्पन्नाचा दाखला खरा कसा असेल, हा प्रश्न अर्ज करणारा व दाखला देणारा दोघेही टाळतात. वयाच्या पुराव्याची अडचण याहून मोठी असते, कारण शाळेत न गेलेल्या माणसाचे वय आधार-पत्रावर ज्याने जसे सांगितले तसे लिहिले गेले आहे. ऊसतोडीसाठी अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतील जोडपी दिवाळीनंतर साखर कारखान्यांकडे जातात, तेव्हा घर व लहान नातवंडे म्हाताऱ्यांवर सोपविली जातात. या काळात दरमहाचे हे दीड हजार रुपये किराणा व औषधाचा मुख्य आधार असतात.

ठेवी : निवृत्तीनंतर आलेला पैसा कोठे ठेवावा यासंबंधी मराठवाड्यातील लोकांना अलीकडे कटू अनुभव आला. पतसंस्था व बहुराज्यीय सहकारी संस्था बँकांपेक्षा दोन-चार टक्के अधिक व्याज देतात, व्यवस्थापक ओळखीचा असतो, ठेव घ्यायला माणूस घरी येतो. २०२३ पासून अशा काही संस्थांचे व्यवहार ठप्प झाले आणि निवृत्तांच्या व महामार्गात जमीन गेलेल्यांच्या ठेवी अडकल्या. बँकेतील ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ते व्यापारी बँकांप्रमाणे जिल्हा मध्यवर्ती व नागरी सहकारी बँकांनाही लागू आहे, पतसंस्थांना नाही. फलकावरील ‘बँकिंग सेवा’ या शब्दांनी हा भेद झाकला जातो. डाकघरातील ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ पासून चालू आहे. तीत १ एप्रिल २०२३ पासून तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. साठ वर्षे पुरी झालेल्यांना, तसेच विशिष्ट अटींवर ५५ वर्षांनंतर निवृत्त झालेल्यांना तीत खाते उघडता येते. दर तिमाहीस मिळणारे तिचे व्याज एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के ठरविण्यात आले. पैशाची वाढ तीत होत नाही. हाती नियमित रक्कम येते आणि वृद्धाला गरज तिचीच असते.

प्रवास व औषधोपचार : मोठ्या दुखण्यासाठी जिल्ह्यातील रुग्ण आजवर मुख्यतः छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयावर, म्हणजे ‘घाटी’वर, विसंबून राहिले. २०२४ मध्ये जालना येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरपासून सत्तर वर्षे व त्यांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. एस. टी. महामंडळ २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत व ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना निम्म्या भाड्यात नेते. या सवलती रुग्णालयातील उपचारांपुरत्या व प्रवासापुरत्या आहेत. रक्तदाब, मधुमेह यांची रोजची औषधे, डोळ्यांचा चष्मा, सोबतीला येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी हा खर्च घरच्या पैशातूनच होतो.

कायदेशीर संरक्षण व मृत्युपत्र : आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ चा असून महाराष्ट्राने त्याचे नियम २०१० मध्ये केले. उपविभागीय अधिकारी हा निर्वाह न्यायाधिकरणाचा प्रमुख असतो व तो मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह रक्कम देववू शकतो. कलम २३ विशेष महत्त्वाचे आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करता येते. २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने अशी अट सिद्ध झाली पाहिजे, असे म्हटले. २ जानेवारी २०२५ रोजी ऊर्मिला दीक्षित प्रकरणी या कलमाचा उदार अर्थ लावला. तरीही बक्षिसपत्र करतानाच ही अट शब्दांत लिहून घेणे उत्तम. मुलांना सदोष ठरविणारे वाक्य बापाच्या दस्तात कसे घालावे, असा संकोच दस्तलेखकालाही वाटतो आणि अट तोंडीच राहते.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. करणाऱ्याची सही वा अंगठा आणि त्याच्या समक्ष सही करणारे दोन साक्षीदार पुरेसे होतात. ज्यांना मृत्युपत्राने काही मिळावयाचे आहे त्यांना साक्षीदार करू नये. करणारा फार थकलेला असेल तर त्या दिवशीचे डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडतात. ते कितीही वेळा बदलता येते व करणाऱ्याच्या मृत्यूपर्यंत त्याचा मालकी हक्क अबाधित राहतो. वाटणी व बक्षिसपत्र यांपेक्षा ते याच बाबतीत निराळे आहे. जिल्ह्यातील दुय्यम निबंधक कार्यालयांत नोंदवून ठेवल्यास ते हरविण्याची वा नाकारले जाण्याची भीती कमी होते. नोव्हेंबरात बँकेत हयातीच्या यादीवर सही करण्यासाठी निवृत्तिवेतनधारक येतात, तेव्हा अनेकांच्या पिशवीत जुने पासबुक, निवृत्तिवेतन प्रदान आदेशाची मळलेली प्रत आणि सातबारा एकत्र असतात. २०१४ पासून हे काम अंगठ्याच्या ठशाने यंत्रावरही करता येऊ लागले. आयुष्यभर नांगर वा हातोडा धरलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पुष्कळदा उमटत नाहीत.